गळतंय म्हणजे तेल हाय

तुम्हाला जाऊन एकवीस दिवस झाले आणि दारातला तुमचा ट्रक कालपर्यंत गळतच होता. उभ्या उभ्या. चाक हललेलं नाही, किल्ली लावलेली नाही, तरी रोज सकाळी खाली काळं वर्तुळ तयार. माणसं भेटायला यायची, चपला काढायच्या आधी त्या तेलात पाय द्यायची आणि मग घरभर ठसे. तुमच्या आतेबहिणीने तर रडता रडता पाय पुसायला फडकं मागितलं. शेवटपर्यंत मला फडकी घेऊन फिरवायचं, हा तुमचा नेमच होता.

आणि दहाव्याचं काय ते. रामकुंडावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. पाऊण तास झाला. कावळे काही कमी नव्हते, पलीकडच्या भिंतीवर ओळीने बसले होते. तुमचा भाऊ म्हणाला, "पोराकडं लक्ष देऊ." नाही. आपला सुनील म्हणाला, "दादा, आईला मी सांभाळीन." नाही. कुणीतरी म्हणालं, गाडीत जीव अडकला असेल, गाडी विकणार नाही म्हणा. तेही म्हणून झालं, अर्थात खोटंच. सगळे उन्हात तुमच्यासाठी ताटकळत उभे, जसे आयुष्यभर होतो. मी मागे बायकांत उभी होते. मला माहीत होतं काय अडलंय ते. मी मनात म्हटलं, "सांगेन हो इसाकमिस्त्रींना. सगळं सांगेन. आता तरी या." आणि कावळा आला. त्याला भूक लागली असेल असं मी स्वतःला सांगितलं. पण शब्द तर दिला गेला होता.

म्हणून हे लिहायला बसले. मिस्त्रींना सांगायच्या आधी तुम्हाला सांगायला हवं होतं, चार वर्षांपूर्वीच. पण तुम्हाला काही सांगायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

एक्याण्णव साली मनमाडहून ती जुनी गाडी आणलीत, तेव्हाच मी विचारलं होतं, खालून काय टपकतंय. तुम्ही बॉनेटवर हात ठेवून म्हणालात, "गळतंय म्हणजे तेल हाय. ज्याचं गळत नाय त्याचं संपलं समजायचं." हे वाक्य पुढे मी इतक्यांदा ऐकलं की झोपेत म्हणू शकेन. मार्केट यार्डातून भाजी भरून वाशीला जायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी परत यायचं, आणि गाडी लावायची ती बरोबर माझ्या उंबऱ्यासमोर. पेठ नाक्याकडच्या आपल्या त्या गल्लीत पुढे मारुतीच्या पारापाशी चांगली मोकळी जागा होती. पण नाही, गाडी डोळ्यांसमोर पाहिजे. मी सकाळी सडा घालून रांगोळी काढायची आणि दुपारी तिच्यावर तुमचं तेल. पांढऱ्या कमळावर काळा डाग. तेही पाण्याने जाणारा नाही. सोडा घाला, राख घाला, घासून हात सोलले तरी दगडात मुरलेलाच.

मी काय फार मागितलं होतं? गोडेतेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा आडवा कापा आणि गाडी लावली की खाली सरकवा. एवढंच. मी डबाही राखून ठेवला होता. तुम्ही काय म्हणालात? "ट्रक काय तान्हं बाळ हाय, खाली दुपटं घालायला?" आणि पारावरच्या लोकांना ऐकू जाईल असं, "हिला काय कळतं गाडीतलं." बालवाडीत पंचवीस पोरं मी एका नजरेत गप्प बसवायची, पण तुमच्याकडून एक डबा सरकवून घेणं मला जमलं नाही.

अठ्ठ्याण्णवला इसाकमिस्त्रींनी इंजिन बांधलं. सगळं खोलून, नव्या रिंगा, नवी पॅकिंग. आडगाव नाक्यावरच्या त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी बारा दिवस होती आणि तुम्हीही जवळजवळ तिथेच राहायला होता. दोघांना एकमेकांवाचून करमत नसे. ईदचा शीरखुर्मा पहिल्यांदा आपल्याकडे यायचा, दिवाळीच्या चकल्या मी त्यांच्यासाठी तिखट वेगळ्या करायची. गाडी परत आली त्या दिवशी मिस्त्री स्वतः बरोबर आले होते. पुठ्ठा पसरून खाली झोपले आणि मला म्हणाले, "वहिनी, बघा आता. अंग कोरडं. फक्त या नळीतून दोन-चार थेंब येतील, तेवढं चालायचं. माझ्या हातचं एवढं चांगलं काम दुसरं झालं नसेल." मी बघितलं. खरंच सगळं कोरडं होतं. फक्त इंजिनाच्या बाजूने खाली आलेली ती एक वाकडी नळी, आणि तिच्या तोंडाशी एक थेंब. तो थेंब बरोबर कुठे पडत होता, हे सांगायला नको.

मी एक वर्ष सहन केलं. नव्व्याण्णवच्या दिवाळीत पाडव्याला मी चार तास बसून रांगोळी काढली होती, मोर काढला होता. शेजारच्या बायका बघून गेल्या. तुम्ही दुपारी आलात, गाडी लावलीत, आंघोळीला गेलात, आणि अर्ध्या तासात मोराच्या डोळ्यात तेल. मला इतका संताप आला की काय सांगू. आत गेले. ओटीत आलेल्या हिरव्या खणाची चोळी शिवून उरलेला, लाल काठाचा तुकडा शिवणाच्या डब्यात होता. तो घेतला, घट्ट वळला, चाकापाशी उकिडवी बसले आणि नळीत कोंबला. वर जाईना, तर रवीच्या दांड्याने ढकलला. वाकणाच्या पलीकडे गेला तेव्हाच थांबले. थेंब बंद झाला. तुम्ही फराळाला बसलात तेव्हा मी कधी नव्हे ते दोन करंज्या जास्त वाढल्या. तुम्ही म्हणालात, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "पाडवा आहे ना." मला वाटलं, सगळ्या मिस्त्र्यांना जे जमलं नाही ते एका बाईने चिंधीने केलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. दोन महिन्यांत गाडी जिकडून तिकडून गळायला लागली. वरच्या झाकणातून, पुढच्या सीलमधून, चेंबरच्या कडेने. नळी तेवढी कोरडी, आणि मला कुठे ठाऊक की या दोन्हींचा काही संबंध असतो! मी उलट तुम्हालाच टोमणे मारले, "बारा दिवस गाडी ठेवून हेच काम केलं का तुमच्या दोस्ताने?" हे वाक्य माझंच. तुम्ही ते उचललंत.

मिस्त्रींनी सील बदलले. पंधरा दिवसांत पुन्हा तेल. पुन्हा बदलले, वरून चिकट लुकण लावलं. पुन्हा तेल. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बिचारे येऊन तेलाचं झाकण उघडायचे, आतून भसकन वाफ यायची, आणि ते डोकं खाजवत बसायचे. मग उन्हाळ्यात ते कसाऱ्याचं झालं. मागच्या सीलमधून तेल क्लचवर गेलं, परत येताना भर घाटात चढावर क्लच घसरायला लागला, गाडी पुढे जाण्याऐवजी मागे सरकू लागली. तुम्ही चाकाखाली दगड लावून सहा तास उन्हात बसलात आणि वाशीहून भरलेल्या आंब्यांचा रस रस्त्यावरून वाहून गेला. घरी आलात तेव्हा तुमचा चेहरा मी ओळखला नाही. मला ते मागे सरकणं तुम्ही फार हसत हसत सांगितलंत. मी त्या रात्री झोपले नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना बोलावलंत ते इथेच, अंगणात. मी चहा घेऊन उंबऱ्यात उभी होते.

मिस्त्री म्हणाले, "त्र्यंबक, इंजिन हाफतंय. रिंगा गेल्या. परत खोलावं लागंल."

"दोन वर्षांत रिंगा गेल्या? कुणी बसवल्या होत्या?"

"मीच बसवल्या. म्हणून तर सांगतो, मला बघू दे, कुठंतरी चुकतंय."

"चुकतंय ते मला दिसतंय. तुझे हात म्हातारे झाले, इसाक. आता तू सायकलींचे पंक्चर काढ."

मी अजून तो कप हातात घेऊन उभी आहे असं मला कधी कधी वाटतं. मिस्त्रींनी हात पुसले, पाना पिशवीत टाकला, मला म्हणाले, "चहा नको, वहिनी," आणि गेले. वीस वर्षांची मैत्री, आणि ती तुटायला चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. त्या वर्षी शीरखुर्मा आला नाही. तिखट चकल्या मी सवयीने केल्या आणि तशाच डब्यात मऊ पडल्या.

मग तुम्ही द्वारका चौकापासून आडगावपर्यंत एक गॅरेज सोडलं नाहीत. फक्त त्यांच्या गॅरेजवरून जाताना मान दुसरीकडे वळवायची. प्रत्येकाने सील बदलले, प्रत्येकाने आधीच्याला नावं ठेवली. तेलाचा कॅन कायम सीटमागे. नाशकातल्या प्रत्येक मिस्त्रीला विचारलंत, दोन ड्रायव्हरांना विचारलंत, एकदा तर गाडीला लिंबूमिरची बांधणाऱ्यालाही विचारलंत. जी बाई रोज सकाळी त्या गाडीशेजारी तासभर बसायची, तिला मात्र एकदाही नाही. विचारलं असतंत तर सांगितलं असतं की नाही कोण जाणे. पण विचारायचं तरी!

मला उमगलं ते फार उशिरा. दोन वर्षं होऊन गेली होती. तुम्ही गाडीखाली पडला होता, पाय तेवढे बाहेर. मी धान्य निवडत पायरीवर बसले होते. डोक्यात काही नव्हतं, उगाच विचारलं, "ती वाकडी नळी कशाची असते हो?"

तुम्ही खालूनच म्हणालात, "ते इंजिनचं नाक. आतली कोंडलेली हवा तिकडून जाती. ते बंद झालं तर हवा तेलाला ढकलती, मग जिकडं फट घावंल तिकडून तेल बाहेर."

माझे हात सुपातच थांबले.

तुम्ही विचारलंत, "का गं?"

मी म्हटलं, "सहज."

तुम्ही सरकत बाहेर आलात, डोक्यावरचं फडकं काढलंत, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "चहा टाक जरा." मी पळतच आत गेले. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, सुटले. दुसऱ्या दिवशी तुम्ही यार्डात गेल्यावर, गाडी दारात असताना, मी सांडशी घेऊन नळीत घालून बघितली. वाकणापर्यंतच पोचली. बोळा वर असेल तर हाताला लागेना. कुणाला बोलवायचं? काय सांगायचं? घाटात गाडी मागे सरकली ती माझ्या चिंधीमुळे? तुमचा दोस्त गेला तो माझ्या मोरामुळे? मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

आणि चारच दिवसांनी सकाळी रांगोळीवर एक थेंब. त्याच जुन्या जागी. मी त्या डागाला हात जोडले, खरं सांगते. म्हटलं, देवाने सोडवलं, बोळा आपोआप कुठेतरी रस्त्यात पडला. हळूहळू बाकीची गळतीही कमी झाली. आणि तुम्ही, ज्यांनी अकरा वर्षं माझं ऐकलं नाही, त्यांनी एक दिवस न बोलता माझा तो राखून ठेवलेला डबा माळ्यावरून काढला, पत्रा कापायच्या कात्रीने आडवा कापला, कडा ठोकून आत वळवल्या, आणि गाडी लावली की रोज पायाने नळीखाली सरकवायला लागलात. मी म्हटलं, वय झालं, आली अक्कल. शेजारणीला अभिमानाने सांगितलंसुद्धा.

तरी मिस्त्रींकडे गेला नाहीत. मी दोनदा विषय काढला. तुम्ही म्हणालात, "जाईन. बघू." ते "बघू" दोन वर्षं चाललं, आणि मग तुम्ही एका दुपारी जेवून उठलात, छातीवर हात ठेवलात आणि संपलं. अंत्ययात्रेत मिस्त्री सगळ्यांत मागे चालत होते. खांदा द्यायला पुढे आले नाहीत. त्यांना वाटलं असेल, तुम्हाला चाललं नसतं.

काल ते आले. सुनीलने बोलावलं होतं, गाडी विकायची तर किंमत काय येईल ते बघायला. मी सुनीलला सुनेबरोबर बाजारात पाठवलं. लेकासमोर बोलायची हिंमत नव्हती. मिस्त्री थकले आहेत. डोळ्यांवर जाड चष्मा आला आहे. बॉनेट उघडायच्या आधीच मी म्हटलं, "मिस्त्री, थांबा. तुमचं काम चांगलं होतं. रिंगाही चांगल्या होत्या. त्या नळीत बोळा मी घातला होता."

मी सगळं सांगितलं. मोर, खण, रवीचा दांडा, सगळं. एक शब्द गाळला नाही. वाटलं होतं, ओरडतील. ओरडायला हवं होतं त्यांनी. चार वर्षं गावभर त्यांच्या हाताला नावं ठेवली गेली, दुसऱ्यांच्या गॅरेजमध्ये तुम्ही त्यांच्या कामाची चेष्टा केलीत, ती त्यांच्या कानावर गेली नसेल का? पण नाही. पुठ्ठा मागितला, खाली झोपले, नळी सोडवली, तार घालून आरपार फिरवली.

"वहिनी, यात काय नाय. साफ हाय."

"पडला असेल मग. मला वाटलंच होतं."

"असा पडत नाय तो. वाकणाच्या वर गेलेला बोळा नळी सोडल्याशिवाय निघायचा नाय. कुणीतरी काढलाय."

मग त्यांनी किंमत काढायला म्हणून केबिन बघितली, सीटखालची हत्यारांची पेटी ओढली. पेटीत एकदम तळाशी एक पुडी होती. हिरवा खण, लाल काठ. तेलाचे डाग कुठे कुठे राहिले होते, पण चांगला धुतलेला, वाळवलेला. मी तुमचं धुणं तीस वर्षं धुतलं, तुम्ही आयुष्यात एक रुमाल पिळला नाहीत, आणि ही चिंधी तुम्ही माझ्या नकळत कुठल्या नळावर बसून धुतलीत? मिस्त्रींनी पुडी उलगडली. आत पाना. त्यावर घासून कोरलेली त्यांची खूण. इंजिन बांधलं तेव्हा तो तुमच्याकडे राहिला होता म्हणे.

मिस्त्री पायरीवर बसले. बराच वेळ पाना या हातातून त्या हातात करत होते. मग म्हणाले, "त्याला कळलं होतं. हे घेऊन माझ्याकडं यायचं होतं त्याला. मग आला का नाय?"

मी म्हटलं, "आले असते तर माझं नाव घ्यावं लागलं असतं."

"एवढ्यासाठी?" ते हसायला लागले. "अरे, उंदरानं घातला म्हणायचं! मी काय उंदराला विचारायला जाणार होतो?" आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसू लागले. खांद्यावरच्या तेलकट फडक्याने ते आणखी काळे झाले.

मी आत जाऊन चहा टाकला. या वेळी त्यांनी घेतला. जाताना म्हणाले, गाडी तशीच विकायची नाही. आधी मी सगळे सील बदलणार, माझ्या हातची गाडी गळत दुसऱ्याच्या दारात गेलेली मला चालायची नाही. पाना त्यांनी खिशात घातला. खण माझ्या हातात दिला. आणि गाडी सुरू करून, खोकत खोकत, घेऊन गेले.

आता तुम्ही मला सांगा, काय म्हणू मी तुम्हाला? गावासमोर "हिला काय कळतं गाडीतलं" म्हणायचं, आणि एकदा मी खरंच गाडीची वाट लावली तर एका माणसालाही ते कळू द्यायचं नाही. माझ्या एका "सहज"वरून सगळं ओळखायचं, आणि मला मात्र दोन वर्षं देवाचे आभार मानू द्यायचे. रागवायचं होतं हो. घर डोक्यावर घ्यायचं होतं. मी रडले असते, तुम्ही चार दिवस बोलला नसतात, पाचव्या दिवशी आपण दोघं मिळून आडगाव नाक्यावर गेलो असतो. किती लांब आहे? रिक्षाने दहा मिनिटं. दोन म्हाताऱ्यांची दोन वर्षं वाचली असती. तुम्ही मला जपलंत, ते मला कळतं, आणि त्यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी राहीन. पण जपायच्या नादात तुम्ही त्यांना एकटं टाकलंत आणि स्वतःही एकटे राहिलात, याचा राग मला येतो, तो कुठे नेऊन ठेवू ते सांगा.

आज सकाळी पहिल्यांदा उठून सडा घातला. सून म्हणाली, मी काढते रांगोळी. मी म्हटलं, नको, मला काढू दे. गाडी नाही, अंगण केवढं मोठं दिसतं. कमळ काढलं, आणि बघते तर एक पाकळी काढायची राहिली. तुमच्या डब्याची जागा हात सवयीने सोडून गेला होता. डबा भिंतीला टेकवलेला होता, तो मी विकायला दिलेला नाही.

ती पाकळी काढली. मग उठले, गाडी उभी असायची त्या जागेकडे तोंड केलं आणि शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "बोळा मी घातला होता."

तुम्ही नेहमीसारखे काहीच बोलला नाहीत.